अमेरिकन नागरिकत्वाची सिव्हिक्स परीक्षा: १२८ प्रश्नांची तयारी

चौकस

सिव्हिक्स (नागरिकशास्त्र) परीक्षेबद्दलचे प्रश्न इथे दहा धाग्यांवर विखुरलेत. जुने प्रतिसाद वाचून लोक अजूनही शंभर प्रश्नांचीच यादी छापून घेतात. म्हणून हा नवा धागा.

अभ्यासाला बसण्याआधी आपली परीक्षा कोणती ते ठरवा. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर दाखल झाला असेल, तर २०२५ची परीक्षा. तिची यादी १२८ प्रश्नांची. त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात आणि १२ बरोबर आले की पास. अर्ज त्याआधीचा असेल तर २००८ची परीक्षा, म्हणजे १०० पैकी १० प्रश्न आणि पास व्हायला ६. मुलाखत (परीक्षा तिच्यातच होते) कधी आहे याचा इथे संबंध नाही, अर्ज कधीचा ते बघतात. पावतीच्या नोटिशीवर दोन तारखा असतात, रिसीव्ह्ड डेट आणि नोटीस डेट. आपल्याला पहिली बघायची.

नव्या परीक्षेत १२ बरोबर झाले की अधिकारी थांबतात, आणि ९ चुकले तरी थांबतात. म्हणजे वीसच्या वीस विचारलेच जातील असं नाही.

प्रश्न तोंडी, उत्तर तोंडी. पर्याय दिलेले नसतात. हा मुद्दा लोक सगळ्यात हलक्यात घेतात. चार पर्यायांतून निवडायच्या ॲप्सवर शंभर टक्के मिळवणारा माणूस 'व्हॉट इज द पर्पज ऑफ द टेन्थ अमेंडमेंट?' हे नुसतं ऐकल्यावर गप्प होतो. डोळ्यांना ओळखीचं वाटणं आणि तोंडातून निघणं ही दोन वेगळी कामं आहेत.

शेवंता

पासाचं प्रमाण दोन्हीकडे साठ टक्केच आहे ना? मग नवी परीक्षा अवघड म्हणून एवढी ओरड कशाला?

गणोबा

प्रमाण तेच, पण परिणाम तोच नाही. समजा एखाद्याला यादीतली निम्मीच उत्तरं येतात. दहातली सहा बरोबर यायची शक्यता साधारण ३८ टक्के, वीसमधली बारा यायची साधारण २५. सत्तर टक्के उत्तरं येत असतील तर उलटं होतं: जुन्यात सुमारे ८५, नव्यात सुमारे ८९. ऐंशी टक्क्यांना जुन्यात ९७च्या आसपास, नव्यात ९९. प्रश्न वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो. अर्ध्या तयारीने जाणाऱ्याला नवी परीक्षा जड, नीट तयारी केलेल्याला उलट सोपी.

म्हणून लक्ष्य 'बारा आले पाहिजेत' असं ठेवू नका. १२८ पैकी ११० न अडखळता आले की मुलाखतीची काळजी सोडा.

चौकस

@गणोबा, हे आकडे मूळ प्रतिसादात घ्यायला हवेत.

१२८ची विभागणीही बघून ठेवा. १ ते ७२ शासनव्यवस्था, ७३ ते ११८ इतिहास, ११९ ते १२८ प्रतीकं आणि सुट्ट्या. यातही १६ ते ६२ हे ४७ प्रश्न नुसत्या सरकारच्या रचनेवर आहेत, म्हणजे यादीचा एकतृतीयांशाहून मोठा तुकडा. बहुतेक जण यादी पहिल्या पानापासून वाचायला घेतात, विसाव्या-तिसाव्या प्रश्नाला कंटाळतात आणि इतिहासापर्यंत पोचतच नाहीत. त्यापेक्षा सुट्ट्या-प्रतीकांपासून सुरुवात करा, मग इतिहास, आणि रचनेचे ४७ रोज थोडे थोडे शेवटपर्यंत चालू ठेवा.

खडूफळा

क्रमांकवार पाठ करण्याऐवजी एका उत्तरात किती प्रश्न मारता येतात ते पाहा. अमेरिका कोरियन युद्धात का उतरली, व्हिएतनाम युद्धात का उतरली, दोन्हींना 'टू स्टॉप द स्प्रेड ऑफ कम्युनिझम' चालतं. शीतयुद्धातली मुख्य चिंता कोणती, तर कम्युनिझम. तीन प्रश्न एका शब्दाभोवती.

तसंच मॅडिसन आणि हॅमिल्टन. 'अमका बऱ्याच गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, एक सांगा' असा दोघांवर वेगवेगळा प्रश्न आहे. दोघांनाही 'फेडरलिस्ट पेपर्सच्या (संविधानाच्या बाजूने लिहिलेल्या लेखांच्या) लेखकांपैकी एक' हे उत्तर चालतं, आणि फेडरलिस्ट पेपर्सच्या एका लेखकाचं नाव विचारलं तर यांतलंच एक द्यायचं. पुन्हा तीन प्रश्न. (तिसरा लेखक जॉन जे. तिघांचं मिळून टोपणनाव पब्लियस.)

आकड्यांची मात्र वेगळी चिठ्ठी करा, कारण गोंधळ आकड्यांतच होतो. सिनेटर १००, मुदत ६ वर्षं. हाउसचे (कनिष्ठ सभागृहाचे) मतदान करणारे सदस्य ४३५, मुदत २ वर्षं. राष्ट्राध्यक्ष ४ वर्षं. घटनादुरुस्त्या २७. सर्वोच्च न्यायालयात जागा ९, पण निकालाला साधारण किती न्यायमूर्ती लागतात याचं उत्तर ५. या शेवटच्या दोघांत भले भले घसरतात. 'हाउ मेनी जस्टिसेस' एवढं कानावर पडलं की तोंडातून 'नाइन' निघून जातं. प्रश्न संपेपर्यंत थांबा.

अनवाणी

२००८ची यादी पाठ असलेल्याला नव्यात काय वेगळं लागेल? की फक्त वरचे २८ बघायचे?

खडूफळा

नाही, तसं करू नका. तीच वाटणारी काही जुनी वाक्यं आतून बदललीत. सरकारच्या शाखांपैकी एक सांगा असं जुन्यात होतं, नव्यात तिन्ही सांगायच्या: लेजिस्लेटिव्ह, एक्झिक्युटिव्ह, ज्युडिशियल. मूळ १३ राज्यांपैकी तीन ऐवजी पाच. शिवाय 'का' विचारणारे प्रश्न वाढलेत. इलेक्टोरल कॉलेज महत्त्वाचं का? आखाती युद्धात अमेरिका का उतरली? (इराकी सैन्याला कुवेतमधून हुसकायला.) प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर का?

हा शेवटचा घ्या. १७८७ साली फिलाडेल्फियात संविधान घडत असताना मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान. तडजोड अशी झाली की हाउसमध्ये लोकसंख्येप्रमाणे आणि सिनेटमध्ये प्रत्येकी दोन. हीच ग्रेट कॉम्प्रमाइज, दुसरं नाव कनेटिकट कॉम्प्रमाइज. परीक्षेत बोलायचं एवढंच: 'इक्वल रिप्रेझेंटेशन' किंवा 'द ग्रेट कॉम्प्रमाइज'. पण मागची कथा माहीत असली की काही राज्यांचे प्रतिनिधी जास्त का, याचं 'पॉप्युलेशन' हे उत्तर वेगळं पाठ करावं लागत नाही.

ताम्रपट

भारतातलं नागरिकशास्त्र डोक्यात पक्कं बसलेल्यांच्या चुका ठरलेल्या असतात, त्या इथे नोंदवतो.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो, कामाच्या दृष्टीने मुख्यमंत्र्याच्या जवळचा. सेक्रेटरी म्हणजे सचिव नव्हे, मंत्री. सेक्रेटरी ऑफ स्टेट हा परराष्ट्र खातं सांभाळतो, राज्यांशी त्याचा संबंध नाही. राष्ट्राध्यक्ष नामधारी नाही, कमांडर इन चीफ तोच, आणि बिलावर सही किंवा व्हेटो त्याचाच.

सिनेटची सहा वर्षं राज्यसभेसारखी, म्हणून लक्षात राहतात. पण राज्यसभेच्या जागा राज्यागणिक कमीजास्त आणि खासदार आमदार निवडतात. इथे सगळ्यांना दोन, आणि मतदार थेट निवडतात. (अवांतर: १९१३च्या सतराव्या दुरुस्तीआधी इथेही सिनेटर राज्यांची विधिमंडळंच निवडत.) काँग्रेस म्हटल्यावर पक्ष आठवतो त्यांनी दहा वेळा घोका: काँग्रेस म्हणजे सिनेट अधिक हाउस.

'रेव्होल्युशनरी वॉर' ब्रिटिशांविरुद्ध, 'सिव्हिल वॉर' उत्तर विरुद्ध दक्षिण. घाईत हे दोन उलटसुलट होतात, आणि मग जॉर्ज वॉशिंग्टन गुलामगिरी संपवतो.

शेवंता

😂 आणि लिंकन डेलावेअर नदी ओलांडतो.

आईवडिलांसाठी विचारते. मराठीत परीक्षा देता येते असं सगळे सांगतात. कुणाला?

नीरजा_व

'सगळे सांगतात' इथेच घोळ आहे. नियम वय आणि ग्रीन कार्डची वर्षं असे जोडीने चालतात, आणि दोन्ही अर्ज दाखल करण्याच्या दिवशी पूर्ण हवीत.

वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं: इंग्रजीतून सूट. सिव्हिक्स द्यावंच लागतं, पण मराठीत, दुभाष्यामार्फत. प्रश्न तेवढेच, १२८ मधलेच.

वय ६५ आणि २० वर्षं: मराठीत, आणि यादीतल्या तारांकित २० प्रश्नांचाच अभ्यास. दहा विचारतात, सहाला पास.

आता बहुतेक घरांतली खरी परिस्थिती बघा. आई साठीनंतर मुलाच्या स्पॉन्सरशिपवर आली, ग्रीन कार्डला पाच-सहा वर्षं झाली, वय ६७. तिला यातली एकही सूट नाही. वय कितीही असो, वर्षं भरत नाहीत. तिला इंग्रजी वाचन, लेखन, बोलणं आणि इंग्रजीतून सिव्हिक्स, सगळं द्यावं लागेल. 'आई ६५च्या पुढे आहे, वीसच प्रश्न कर' असं सांगून तयारी करून घेतली आणि मुलाखतीच्या टेबलावर खरं कळलं, हे टाळा.

उलट ज्यांची वर्षं काठावर आहेत त्यांनी अर्ज थोडा थांबवावा. २० वर्षं भरायला तीन महिने असतील तर घाईने अर्ज करून १२८ प्रश्न ओढवून घेण्यात अर्थ नाही.

अनवाणी

दुभाषा कोण चालतो? मुलगी चालेल का?

नीरजा_व

दुभाषा आपणच न्यायचा. दोन्ही भाषा नीट येणारा, आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगणारा. जी-१२५६ या दुभाष्याविषयीच्या फॉर्मवर सही करायची ती तिथेच, अधिकाऱ्यांसमोर, घरून करून न्यायची नाही. तुमचा वकील दुभाषा होऊ शकत नाही, त्याच प्रकरणातला साक्षीदारही सहसा नाही. घरचं माणूस चालेल की नाही हे अधिकाऱ्यांवर असतं, म्हणून शक्य असेल तर बाहेरचं माणूस न्या. घरच्यांची खोड अशी की आईने 'ते आपलं... झेंड्यावरच्या पट्ट्या' म्हटलं की मुलगी 'थर्टीन ओरिजिनल कॉलनीज' सांगून मोकळी होते. अधिकाऱ्यांना ते लगेच कळतं.

बिनीचा_भिडू

आणि एन-६४८? डॉक्टरने लिहून दिलं की परीक्षा माफ, असं ऐकलंय.

नीरजा_व

एन-६४८ हा वैद्यकीय कारणासाठीचा फॉर्म आहे, म्हातारपणासाठीचा नाही. शारीरिक, मानसिक किंवा विकासात्मक आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणंच शक्य नाही, आणि तो आजार १२ महिने टिकलाय किंवा टिकेल, असं दाखवावं लागतं. भरणारा अमेरिकेत परवाना असलेला एम.डी., डी.ओ. (ऑस्टिओपॅथीचा डॉक्टर) किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा. फॉर्म नाकारले जातात ते बहुधा एका कारणाने: डॉक्टर निदान लिहितात, पण त्या निदानामुळे हा माणूस प्रश्न का शिकू शकत नाही, हा दुवा लिहीत नाहीत. 'वयानुसार विस्मरण' एवढ्यावर भागत नाही. निरक्षर असणं हेही कारण धरत नाहीत. फॉर्म शक्यतो एन-४०० सोबतच द्या.

कानाला कमी ऐकू येत असेल तर तो एन-६४८चा विषयच नाही. ती सोय वेगळी मागायची, मुलाखतीच्या आधी. मशीन असेल तर नव्या बॅटऱ्या घालून जा.

खडूफळा

ज्यांना सूट नाही त्यांच्या वाचन-लेखनाबद्दल. हा भाग सोपा आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. पहिलंच जमलं तर पुढची विचारत नाहीत. शब्द ठरलेल्या दोन यादींतले. त्या यादी एकेका पानाच्या आहेत, पण एकच नाहीत. वाचनाच्या यादीत बिल ऑफ राइट्स आहे, लेखनाच्या यादीत डेलावेअर, अलास्का आणि फेब्रुवारी आहेत. लिहायला लेखनाचीच यादी वापरा.

बऱ्याच ऑफिसांत लिहायला टॅबलेट आणि स्टायलस देतात. काच गुळगुळीत असते, हात कागदावर टेकतो तसा टेकत नाही, आणि अक्षर दुप्पट मोठं येतं. 'वॉशिंग्टन' लिहितानाच ओळ संपते आणि माणूस गांगरतो. घरी कुठल्याही टॅबलेटवर किंवा मोठ्या फोनवर चार वेळा लिहून बघा, तेवढं पुरे.

स्पेलिंग, कॅपिटल अक्षर, पूर्णविराम चुकला म्हणून नापास करत नाहीत, अर्थ कळला पाहिजे. फेब्रुवारीतला पहिला 'आर' गळला तरी चालतं. पण सांगितलेला शब्द सोडून दुसरा लिहू नका, आणि मनाने संक्षेप करू नका. आकडा अक्षरी किंवा अंकी, '५०' आणि '१००' हे यादीतच दोन्ही प्रकारे दिलेत. वाचताना दोन शब्दांच्या मध्ये फार लांब थांबू नका. उच्चार मराठी वळणाचा असला तरी हरकत नाही.

ताम्रपट

वाचनातही 'बिल' या शब्दाची गंमत आहे. डॉलर बिल म्हणजे नोट, बिल ऑफ राइट्स म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या, आणि काँग्रेसमधलं बिल म्हणजे विधेयक.

शेवंता

मराठीत अर्थ लिहून पाठ करायचं की थेट इंग्रजीत? आमच्याकडे यावरूनच वाद आहे. मराठीत अर्थ लिहिल्याशिवाय आई पुढे सरकत नाही.

गणोबा

अर्थ मराठीत समजून घ्या, पाठांतर इंग्रजीतच. मराठी उत्तर आधी आठवायचं आणि मग भाषांतर करायचं, यात वेळ जातो आणि मधल्या मधे शब्द सुटतो.

चौकस

मी थोडा असहमत. इंग्रजी अजिबात न येणाऱ्या माणसाला नुसता ध्वनी पाठ करायला लावला तर प्रश्नातला एक शब्द बदलला की सगळं कोसळतं. अधिकारी प्रश्न पुन्हा सांगू शकतात, सोप्या शब्दांत फिरवूनही विचारू शकतात. म्हणून प्रत्येक प्रश्नातला खुणेचा शब्द ओळखायला शिकवा. 'सुप्रीम लॉ' ऐकू आलं तर कॉन्स्टिट्यूशन. 'इकॉनॉमिक सिस्टिम' आलं तर कॅपिटॅलिझम किंवा मार्केट इकॉनॉमी. 'स्ट्राइप्स' आलं तर थर्टीन ओरिजिनल कॉलनीज. खुणेच्या शब्दाचा अर्थ मराठीत, उत्तर इंग्रजीत.

सरावाची पद्धत: प्रश्न फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करा, प्रत्येकानंतर सहा-सात सेकंद रिकामे सोडा, क्रम उलटापालटा करून ऐकवा. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी विचारायला लावा. रोजच्या आवाजाची सवय झाली की नव्या तोंडून तोच प्रश्न परका वाटतो. आणि एक वाक्य आधी शिकवा: 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' ते म्हणायला लाजू नये.

उत्तर दिल्यावर गप्प बसायचं. एक विचारलं तर एकच. 'नेम वन' म्हटल्यावर बरोबर उत्तराला जोडून तीन अंदाज फेकले तर त्यातला चुकीचा अंदाज अंगाशी येतो.

बिनीचा_भिडू

बोलण्याची वेगळी परीक्षा असते का?

नीरजा_व

वेगळी नाही. एन-४०० वरच्या माहितीबद्दल अधिकारी जे विचारतात, तीच बोलण्याची परीक्षा. सिव्हिक्स पाठ असून लोक अडतात ते इथे, कारण 'हॅव यू एव्हर...' ने सुरू होणारे प्रश्न धडाधड येतात आणि नुसतं 'नो, नो' म्हणत गेलं की अधिकारी मध्येच थांबून शब्दाचा अर्थ विचारतात. क्लेम, ओव्हरथ्रो, पर्सिक्यूट, ओथ, अलीजन्स, बेअर आर्म्स, यांचा सोप्या इंग्रजीत एक-एक वाक्याचा अर्थ तयार ठेवा. 'ओथ इज अ सीरियस प्रॉमिस' एवढं पुरे. शेवटच्या काही प्रश्नांना उत्तर 'येस' असतं (संविधानाला पाठिंबा देता का, शपथ घ्यायला तयार आहात का), तिथेही सवयीने 'नो' निघतं.

आपण अर्जात काय लिहिलं ते आपल्याला माहीत हवं. मुलाने ऑनलाइन भरलेला अर्ज आईने कधी पाहिलेलाच नसतो. छापून द्या, आणि पत्ता, नोकरी, प्रवासाच्या तारखा तिच्या तोंडून वदवून घ्या.

अनवाणी

बदलणारी उत्तरं कशी सांभाळायची? निवडणूक झाली की यादी जुनी.

ताम्रपट

उत्तर मुलाखतीच्या दिवशी जो पदावर असेल त्याचं. अर्जाच्या दिवशी कोण होता ते चालत नाही. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, हाउसचा स्पीकर, सरन्यायाधीश, तुमच्या राज्याचा गव्हर्नर, एक सिनेटर, तुमचा प्रतिनिधी. ही सात नावं वेगळ्या कागदावर ठेवा आणि आदल्या दिवशी यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) 'टेस्ट अपडेट्स' पानावर आणि हाउसच्या संकेतस्थळावर तपासा. प्रतिनिधी झिप कोडवरून शोधा, पण एका झिपमध्ये दोन मतदारसंघ येऊ शकतात, तेव्हा पूर्ण पत्ता टाका. मधे घर बदललं असेल तर प्रतिनिधीही बदललेला असतो, आणि राज्य बदललं असेल तर गव्हर्नर-सिनेटरसुद्धा. वॉशिंग्टन डी.सी.त राहणाऱ्यांनी गव्हर्नर आणि सिनेटर नाहीत असं सांगायचं, तेच बरोबर उत्तर.

शेवंता

आणि नापास झालं तर? पुन्हा फी भरायची?

नीरजा_व

पहिल्या खेपेला नाही. ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते, आणि जो भाग राहिला तेवढाच देतात. लेखन राहिलं तर फक्त लेखन, सिव्हिक्स राहिलं तर फक्त सिव्हिक्स. त्या दिवशी अधिकारी निकालाचा कागद देतात, त्यावर कोणता भाग राहिला ते असतं. तो फाइलमध्ये टाकून विसरू नका, पुढचे दोन महिने त्यावरच अभ्यास करायचा. दुसऱ्या खेपेची तारीख चुकवली आणि तसं कळवलंही नाही, तर तो प्रयत्न वाया गेला असंच धरतात.

दुसऱ्यांदाही राहिलं तर अर्ज नाकारतात. मग एन-३३६ भरून ३० दिवसांत सुनावणी मागता येते, नाहीतर नवा एन-४०० नव्या फीसकट. ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर ३८० मध्ये होतो, पण तो पर्याय कागदी अर्जालाच आहे.

जुन्या परीक्षेवर असलेल्यांनी एक लक्षात घ्या. अर्ज नाकारला गेला आणि नवा भरला, तर तो २० ऑक्टोबर २०२५ नंतरचा अर्ज झाला. म्हणजे १२८ ची यादी.

अनवाणी

म्हणजे जुन्या परीक्षेवाल्यांनी पहिल्या दोन संधींतच काम उरकलेलं बरं.

नीरजा_व

होय. आणि तुमची मुलाखत जवळ असेल तर आज ती सात नावांची चिठ्ठी करून टाका, बाकीचं वरून वाचा.